रोड बाईकचे भाग बदलावेत की सायकलच बदलावी?

पुणे, नाशिक, मुंबई किंवा कोल्हापूरकडच्या हौशी सायकलस्वाराची पहिली रोड बाईक बहुधा एकाच घडणीची असते. ॲल्युमिनियमची फ्रेम, चाकाच्या कडेला (रिमला) पकडणारे रिम ब्रेक, २५ मिलिमीटरचे टायर आणि शिमानो कंपनीचा क्लॅरिस किंवा सोरा ग्रुपसेट (गिअर चालवणाऱ्या भागांचा संच), म्हणजे मागच्या चाकावर आठ किंवा नऊ दातेरी चकत्या. तीन-चार हंगाम या सायकलीवर छान जातात, दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब राइड) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण होते, आणि मग बरोबरच्या कुणीतरी डिस्क ब्रेकची (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला पकडणाऱ्या ब्रेकची), बारा गिअरची सायकल घेतल्यावर आपल्या सायकलीतल्या उणिवा एकाएकी दिसू लागतात. ग्रुपसेट बदलावा का, चाके हलकी घ्यावीत का, की हे सगळे सोडून नवी सायकलच आणावी, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर काढण्याची क्रमवार रीत दिली आहे. निर्णयाची सुरुवात ग्रुपसेटपासून न करता फ्रेमपासून करावी, हा तिचा गाभा आहे. गिअर, चाके, सॅडल, हँडलबार हे सारे बदलता येते. फ्रेमचे माप, टायरला मिळणारी जागा आणि ब्रेक बसवण्याची सोय मात्र कितीही पैसे ओतले तरी बदलत नाही. म्हणून आपली तक्रार फ्रेमशी निगडित आहे की तिच्यावर लावलेल्या भागांशी, एवढे ठरले की अर्धे काम होते.

पहिली पायरी: तक्रार नेमकी लिहून काढावी

‘सायकल जुनी झाली’ ही तक्रार नव्हे. कागदावर असे लिहावे: पसरणी घाटात सर्वांत हलका गिअरही जड जातो, शंभर किलोमीटरनंतर मान आणि तळहात दुखतात, पावसात घाट उतरताना ब्रेक लागेल की नाही याची धास्ती वाटते, जोर दिला की चेन सटकते, खराब रस्त्यावर हादरे असह्य होतात, ग्रुपबरोबर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने टिकता येत नाही. यातल्या प्रत्येक तक्रारीचे मूळ वेगळे आहे, आणि तिचा खर्च काहीशे रुपयांपासून लाखाच्या पुढेपर्यंत कुठेही जाऊ शकतो. जड गिअर हा कॅसेटचा (मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाचा) प्रश्न आहे, सटकणारी चेन हा झिजेचा. मानदुखी बहुधा मापाची असते, आणि पावसातले ब्रेक हा काही अंशी पॅडचा तर काही अंशी सायकलीच्या रचनेचा प्रश्न असतो.

कागदावर काहीच उतरत नसेल आणि मनात फक्त नव्या सायकलीची ओढ असेल, तर तेही चालेल. हौसेचा खर्च हौस म्हणूनच करावा. त्याला तांत्रिक कारणांचा मुलामा देऊ नये, कारण त्या मुलाम्यापायी लोक आधी जुन्या सायकलीवर पैसे घालतात आणि वर्षभरात नवीही घेतात.

दुसरी पायरी: आधी पूर्ण सर्व्हिसिंग, मग मत

ज्या सायकलीची केबल गंजलेली आहे आणि चेन ताणलेली आहे, तिच्या ग्रुपसेटबद्दल मत बनवणे अन्यायाचे आहे. क्लॅरिस किंवा सोरा हे साधे, पण काटेकोर चालणारे गिअर आहेत. ते अडखळू लागले, तर दोष बहुतेक वेळा शिफ्टरच्या (हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या खटक्यांच्या) दर्जाचा नसून केबलचा असतो. आतली तार आणि बाहेरचे आवरण दोन्ही बदलावे लागतात, विशेषतः हँडलबारच्या टेपखालचा वळणाचा तुकडा आणि मागच्या डिरेलरजवळचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाजवळचा) छोटा तुकडा, कारण पावसाचे पाणी आणि घाम तिथेच साचतो.

दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे डिरेलर हँगर. मागचा डिरेलर ज्या लहानशा धातूच्या पट्टीवर लटकतो, ती फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची केलेली असते. सायकल बसच्या डिकीत आडवी टाकली, गाडीत उजव्या कुशीवर ठेवली किंवा उभी असताना पडली, की ती दोन-तीन अंशांनी वाकते. डोळ्यांना हे दिसत नाही, पण मग कितीही ट्यूनिंग केले तरी मधल्या दोन चकत्यांवर गिअर खडखडतच राहतो. मेकॅनिककडे हँगर तपासण्याचे माप असते. ते लावून घेतल्याशिवाय नव्या डिरेलरची चौकशी करू नये.

चेनची झीज घरी साध्या स्टीलच्या पट्टीनेही मोजता येते. चेन ताणून धरून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवावे. नवीन चेनमध्ये बरोबर बारा इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. ती पीन एक सोळांश इंच पुढे सरकली असेल, तर चेन सुमारे अर्धा टक्का ताणली आहे. अकरा व बारा गिअरच्या चेनसाठी बदलण्याची हीच वेळ. आठ, नऊ व दहा गिअरच्या जाड चेनला पाऊण टक्क्यापर्यंत मुभा असते. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर झीज एक टक्का झाली, आणि अशा चेनने कॅसेटचे दातही खाल्लेले असतात. मग नुसती नवी चेन टाकल्यावर ती सर्वाधिक वापरलेल्या चकत्यांवर जोर देताच सटकते, म्हणून चेन आणि कॅसेट दोन्ही एकदम बदलावी लागतात. चेन वेळेवर बदलत राहिल्यास एक कॅसेट दोन-तीन चेनपर्यंत टिकते, आणि आठ-नऊ गिअरचे हे भाग स्वस्तही आहेत.

याच वेळी चाकांचा आऊट काढून घ्यावा, हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) छर्रे आणि बॉटम ब्रॅकेटचे (पॅडलचा आस फ्रेममध्ये बसतो त्या जागेचे) बेअरिंग पाहावे, ब्रेकचे पॅड तपासावेत. या सगळ्याला अपग्रेड म्हणू नये. हा झिजेचा खर्च आहे. सायकल ठेवली तरी तो करायचा आहे आणि नवी घेतली तरी दोन वर्षांत तिच्यावरही करायचा आहे. पुढे हिशेब मांडताना हा खर्च वेगळ्या रकान्यात राहील, तरच तुलना खरी होईल. शक्य असेल तर हे काम पावसाळा संपल्यावर करावे. जूनमध्ये घातलेली नवी चेन सप्टेंबरपर्यंत चिखल आणि कचीने अर्धी झिजलेली असते, आणि लांब राइडचा खरा हंगाम ऑक्टोबरनंतरच सुरू होतो.

तिसरी पायरी: फ्रेमची परीक्षा

ही पायरी सर्वांत सावकाश करावी, कारण निकाल इथेच लागतो.

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. सायकल धुऊन, कोरडी करून उजेडात घ्यावी आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर वेल्डच्या कडा पाहाव्यात: हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे, बॉटम ब्रॅकेटभोवती, सीटपोस्ट (सॅडलचा दांडा) आत जातो त्या तोंडाशी आणि मागच्या चाकाच्या टोकांपाशी. रंगावर केसासारखी बारीक रेघ दिसली, तर ती नखाने तपासावी. नख अडकले किंवा आठवड्याभरात रेघ लांबली, तर तो तडा आहे. तडा गेलेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर वेल्डिंग करून घेऊ नये, कारण अशा फ्रेमचे मिश्रधातू वेल्डनंतर उष्णतेची ठरावीक प्रक्रिया करूनच पुरेसे बळकट केलेले असतात आणि नाक्यावरच्या वर्कशॉपमध्ये ती सोय नसते. कार्बनच्या फ्रेमवर किंवा फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावर) अपघात झाला असेल, तर नाण्याने हलके ठोकून आवाज ऐकावा. इतरत्र टणक वाजणारी नळी एखाद्या जागी बोदी वाजली, तर ती जाणकाराला दाखवेपर्यंत सायकल चालवू नये. पोलादी फ्रेम आतून गंजते, म्हणून बॉटम ब्रॅकेट काढून आत टॉर्च मारावा.

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी आणखी एक तपासणी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियमची नळी आणि तिच्यातला दुसऱ्या धातूचा किंवा कार्बनचा सीटपोस्ट एकमेकांना अक्षरशः चिकटतात. बोल्ट सैल करून सीटपोस्ट फिरतो का, खालीवर होतो का, हे पाहावे. तो अडकलेला असेल आणि सॅडलची उंची बदलायची असेल, तर त्या सायकलीवर दुसरा कोणताही खर्च करण्याआधी तो सुटतो का, हे बघणे शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा मापाचा, आणि माझ्या मते सायकल बदलण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. सॅडलच्या उंचीसाठी एक प्रचलित सूत्र आहे: अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे, त्याला ०.८८३ ने गुणावे. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत साधारण तेवढे अंतर ठेवून सुरुवात करावी. जांघेचे माप ८० सेंटिमीटर असेल, तर ही उंची सुमारे ७०.६ सेंटिमीटर येते. सॅडल नीट बसवल्यावर हँडलबार लांब वाटत असेल, तर स्टेम (हँडलबार धरणारा पुढचा तुकडा) एक-दोन सेंटिमीटरने आखूड करून बघता येतो. तो फ्रेमच्या मानाने अगदी स्वस्त भाग आहे. पण ७०-८० मिलिमीटरच्या स्टेमपर्यंत येऊनही हात ताणलेलेच राहत असतील, किंवा सीटपोस्ट किमान खुणेच्या वर काढल्याशिवाय पाय पुरत नसेल, तर फ्रेमचे मापच चुकलेले आहे. दुकानात जे माप शिल्लक होते तेच पदरात पडले, असे पहिल्या सायकलीच्या बाबतीत पुष्कळदा होते. अशा सायकलीवर ग्रुपसेट, चाके, कशावरही पैसा घालू नये.

तिसरा मुद्दा जागेचा आणि ब्रेकचा. जुन्या रिम ब्रेकच्या रोड बाईकमध्ये २८ मिलिमीटरचा टायर कसाबसा बसतो; काही फ्रेममध्ये २५च्या पुढे जाताच येत नाही. आहे त्या टायरच्या दोन्ही बाजूंना, ब्रेकच्या कमानीखाली आणि सीट ट्यूबजवळ किती फट आहे ते मोजावे. नवा टायर बसल्यावर सगळीकडून निदान चार मिलिमीटर मोकळे राहायला हवे, नाहीतर ओला चिखल आणि खडी तिथे अडकून रंग व रबर दोन्ही घासते. रिम ब्रेकच्या फ्रेमवर डिस्क ब्रेक लावता येत नाहीत. फ्रेम आणि फोर्कवर कॅलिपरची (ब्रेकच्या पकडीची) बैठक नसते, आणि हबची रुंदीही वेगळी असते. रिम ब्रेकच्या रोड बाईकचे मागचे हब १३० मिलिमीटरचे, तर आजच्या डिस्क ब्रेकच्या रोड बाईकचे १४२ मिलिमीटरचे आणि १२ मिलिमीटरच्या थ्रू-ॲक्सलचे (आरपार जाणाऱ्या आसाचे) असते.

फ्रेम सुदृढ आहे, मापाची आहे आणि हवा तो टायर घेते, असे तिन्ही मुद्द्यांवर ठरले, तर सायकल ठेवण्याकडे कल असावा. मापावर किंवा तड्यावर ती नापास झाली, तर पुढची पायरी वाचून सरळ शेवटच्या भागाकडे जावे.

चौथी पायरी: थोडक्या पैशांत मोठा फरक पाडणारे बदल

टायर हा पहिला. कारखान्यातून सायकलीबरोबर येणारे स्वस्त, तारेच्या कडेचे टायर आणि चांगल्या प्रतीचे, घडी होणारे टायर यांच्यात तीसच्या वेगाला जोडीमागे दहा-पंधरा वॉटचा फरक सहज पडतो, आणि हौशी सायकलस्वाराच्या ताकदीच्या मानाने तो मोठा आहे. २५च्या जागी २८ बसत असतील, तर हादरे लक्षणीय कमी होतात. मात्र त्यासाठी हवाही कमी भरावी लागते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, रोज भरण्याचा नव्हे. सत्तर किलोच्या माणसाने २८च्या टायरमध्ये शंभर पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरून मग रस्त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. सत्तरच्या आसपास सुरुवात करावी आणि मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी.

दुसरा बदल कॅसेटचा, आणि सह्याद्रीत राहणाऱ्यांसाठी तो सर्वांत मोलाचा. इथे आकडे मांडूनच बघावेत. पुढे ५०/३४ दातांचा क्रँक (पॅडलजवळच्या दोन चकत्या) आणि मागे ११ ते २५ दातांची कॅसेट असेल, तर सर्वांत हलका गिअर ३४/२५, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे १.३६ फेरे. मिनिटाला ७० फेरे मारायचे म्हटले, तर या गिअरमध्ये ताशी १२ किलोमीटरचा वेग राखावा लागतो. आठ टक्क्यांच्या चढावर, स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरल्यास, त्यासाठी सुमारे २४५ वॉट लागतात. बहुतेक हौशी स्वारांना इतकी ताकद तासभर लावता येत नाही, म्हणून फेरे ७० वरून ५० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर पडतो. तीच सायकल, तोच चढ, फक्त मागे ११ ते ३२ची कॅसेट घातली, तर ७० फेऱ्यांना वेग ताशी ९.४ किलोमीटर होतो आणि ताकद सुमारे १९० वॉट लागते. मागे ३४ दात मिळाले, तर गुणोत्तर एकास एक होते. सिंहगडाचा किंवा आंबेनळी घाटाचा चढ सोपा करण्यासाठी कोणताही कार्बनचा भाग याच्या जवळपासही येत नाही.

कॅसेट घेण्यापूर्वी मागचा डिरेलर ती पेलतो का, हे पाहावे लागते. डिरेलरच्या आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून दोन गोष्टी कळतात. तो जास्तीत जास्त किती दातांची चकती घेतो, आणि त्याची एकूण क्षमता किती. क्षमतेचा हिशेब सोपा आहे: पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या सर्वांत मोठ्या व लहान चकतीतला फरक. ५०/३४ आणि ११-३२ साठी तो १६ अधिक २१, म्हणजे ३७ होतो. आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या चौकटीचा) डिरेलर याला पुरत नसेल, तर त्याच मालिकेतला लांब पिंजऱ्याचा घ्यावा. त्याने शिफ्टर बदलावे लागत नाहीत. मोठ्या कॅसेटबरोबर चेनही लांब लागते, जुनी चालत नाही.

ब्रेकच्या पॅडबद्दल एवढेच सांगतो की मूळ पॅडच्या जागी चांगल्या रबराचे, ओल्या रिमसाठी बनवलेले पॅड घातल्यावर रिम ब्रेक बरेच सुधारतात. तरी मुसळधार पावसात पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत ते उशिरा लागतातच, आणि हा दोष कोणत्याही पॅडने जात नाही. रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीवर झिजेची खूण म्हणून बारीक खळगा किंवा रेघ असते. ती नाहीशी झाली असेल किंवा पट्टी बोटाला खोलगट लागत असेल, तर रिम तातडीने बदलावी. पातळ झालेली रिम हवेच्या दाबाने फाटू शकते.

पाचवी पायरी: ग्रुपसेट आणि चाकांचा मोह

आठ गिअरवरून अकरा किंवा बारावर जाण्याचा विचार करताना लोक शिफ्टर आणि डिरेलरची किंमत बघतात, पण यादी तिथे थांबत नाही. दोन शिफ्टर, पुढचा आणि मागचा डिरेलर, कॅसेट, चेन, बहुधा क्रँक आणि त्याबरोबर बॉटम ब्रॅकेट, सगळ्या केबल, टेप आणि मजुरी. शिवाय आठ-नऊ-दहा गिअरच्या जुन्या चाकाच्या फ्रीहबवर (कॅसेट बसते त्या भागावर) शिमानोची अकरा गिअरची रोड कॅसेट सहसा बसत नाही, कारण तिला १.८५ मिलिमीटर जास्त लांबीचे फ्रीहब लागते. ११-३४सारख्या मोजक्या अकरा गिअरच्या कॅसेट जुन्या फ्रीहबवर बसतात, एवढाच अपवाद. म्हणजे ग्रुपसेटबरोबर चाकही आले. अर्धवट बदलही जपून करावेत: शिमानोचा टियाग्रा ४७०० ग्रुपसेट दहा गिअरचा असला, तरी त्याची केबल ओढण्याची मापे आधीच्या दहा गिअरच्या रोड ग्रुपसेटशी जुळत नाहीत.

आणखी एक अडचण बाजाराची आहे. शिमानोने २०२३ मध्ये केबलवर चालणारा बारा गिअरचा १०५ ग्रुपसेट आणला, तो फक्त हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठी. २०२५ मध्ये क्लॅरिस, सोरा, टियाग्रा यांच्या थरासाठी ड्रॉप (खाली वळलेल्या) हँडलबारची क्यूज मालिका आली. तिची लिंकग्लाइड पद्धतीची कॅसेट जुन्या हायपरग्लाइड पद्धतीच्या कॅसेटच्या जागी वापरता येत नाही. रिम ब्रेकच्या सायकलीसाठी चेन, कॅसेट आणि पॅड मिळत राहतील, पण वर चढण्याची शिडी जवळजवळ संपली आहे, हे गृहीत धरूनच पैसे घालावेत.

हलक्या चाकांचे गणितही एकदा करावे. दोन किलोची जोडी काढून दीड किलोची घातली, तर ८५ किलोतले अर्धा किलो कमी झाले, म्हणजे ०.६ टक्के. तासभराच्या चढावर त्याने सुमारे वीस सेकंद वाचतात. सपाट रस्त्यावर तीसच्या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि त्या हवेला अडवणारा मोठा भाग स्वाराचे शरीर असते. कोपर वाकवून थोडे खाली झुकायला शिकल्याने जे मिळते, ते पन्नास हजारांच्या चाकाने मिळेलच असे नाही. पुढची सायकल डिस्क ब्रेकची घ्यायची असेल, तर रिम ब्रेकची महाग चाके तिच्यावर जाणार नाहीत, हा मुद्दा एकटाच पुरेसा आहे. कार्बनच्या रिमवर रिम ब्रेक लावत लांब घाट उतरणे तर मी कुणालाही सुचवणार नाही. उष्णतेने रिम खराब होण्याचा धोका खरा आहे.

याउलट सॅडल, क्लिपलेस पॅडल (बूट अडकवण्याचे), पॅडलमध्ये बसणारा, ताकद मोजणारा पॉवर मीटर, दिवे, जीपीएस कॉम्प्युटर या वस्तू पुढच्या सायकलीवर जशाच्या तशा जातात. त्यांच्यावर खर्च करताना सायकल ठेवणार की बदलणार, हे ठरलेले नसले तरी चालते.

सहावी पायरी: हिशेब

कागदावर तीन रकाने आखावेत: झिजेचा खर्च, सोबत नेता येणाऱ्या वस्तूंचा खर्च, आणि या फ्रेमवरच अडकून पडणारा खर्च. निर्णय फक्त तिसऱ्या रकान्यावर करायचा आहे. रीत कळावी म्हणून कल्पित आकडे घेऊ. प्रत्यक्षात आपल्या दुकानातले ताजे दर घालावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधी लिहून ठेवलेले दर वापरू नयेत.

समजा, जुनी सायकल आज २५ हजारांना विकली जाईल. टायर, ११-३२ची कॅसेट, चेन, केबल, पॅड आणि मजुरी मिळून १३ हजार होतात. ग्रुपसेट आणि मागचे चाक बदलले, तर ४२ हजार लागतात, आणि त्यानंतर सायकल फार तर ३० हजारांना जाईल. म्हणजे ३७ हजार कायमचे गेले. नवी डिस्क ब्रेकची सायकल १ लाख १० हजारांची, त्यातून जुनीचे २५ हजार वजा, पॅडल, बाटलीचे पिंजरे, जादा ट्यूब वगैरेंचे ६ हजार अधिक, म्हणजे ९१ हजार.

इथे ३७ हजारांची तुलना ९१ हजारांशी करून ‘निम्म्याहून कमीत काम झाले’ असे म्हणण्याची चूक सर्रास होते. ३७ हजारांची खरी तुलना १३ हजारांशी आहे. मधल्या २४ हजारांत काय मिळाले, तर गिअरमधल्या पायऱ्या थोड्या जवळ आल्या आणि शिफ्टर हाताला मऊ लागले. चढ सोपा झाला तो कॅसेटमुळे, आणि ती १३ हजारांतही होती. डिस्क ब्रेक आणि रुंद टायर ३७ हजारांतही मिळाले नाहीत.

मी स्वतः पाळतो ती मर्यादा अशी: फ्रेमवर अडकून पडणारा खर्च सायकलीच्या आजच्या विक्रीमूल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ लागला, की थांबावे. वरच्या उदाहरणात ती मर्यादा साडेबारा हजार आहे. अपवाद एकच. फ्रेम मनापासून आवडती, अचूक मापाची आणि चांगल्या प्रतीची असेल, उदाहरणार्थ मापाने बनवून घेतलेली पोलादी किंवा टायटॅनियमची, तर विक्रीमूल्याचा हिशेब बाजूला ठेवायला हरकत नाही.

नवी घ्यायचे ठरल्यास

ज्या तक्रारीसाठी सायकल बदलतो आहोत, ती नव्या सायकलीत खरोखर दूर होते का, हे दुकानात कागद समोर ठेवून तपासावे. डिस्क ब्रेक हवे होते म्हणून घेतलेल्या सायकलीत केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असतील, तर ते हायड्रॉलिकइतके हलक्या हाताने लागत नाहीत. फ्रेम ३२ मिलिमीटरपर्यंतचे टायर घेते का, मडगार्ड लावण्याची छिद्रे आहेत का, सर्वांत हलका गिअर ३४/३२ किंवा ३४/३४ आहे का, बॉटम ब्रॅकेट आट्यांचे आहे का, हे विचारावे. आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटला मी मुद्दाम महत्त्व देतो, कारण दाबून बसवलेले बेअरिंग दोन पावसाळ्यांनंतर कुरकुरू लागते आणि ते काढण्याची हत्यारे प्रत्येक मेकॅनिककडे नसतात.

हीच गोष्ट सर्व्हिसिंगची. पुण्या-मुंबईत हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढून तेल भरून देणारे मेकॅनिक सापडतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने आधी चौकशी करावी, किंवा ब्रेकच्या कंपनीचा संच आणि सांगितलेले तेल आणून ते काम स्वतः शिकावे. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागते. त्यात गाडीचे ब्रेक ऑइल घातले तर आतली सीले खराब होतात. केबल हेडसेटमधून (हँडल फिरते त्या बेअरिंगच्या जागेतून) आत जाणाऱ्या सायकली सुंदर दिसतात, पण वरचे बेअरिंग बदलायलाही ब्रेकची नळी सोडवावी लागू शकते, आणि घाम व पावसाने हेच बेअरिंग आधी जाते. सायकल घेतानाच एक सुटा डिरेलर हँगर मागून घ्यावा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि चार वर्षांनी तो शोधत फिरावे लागते.

जुनी सायकल विकायची असेल, तर तिच्यावरचे चांगले सॅडल आणि पॅडल काढून मूळचे लावावे. वापरलेल्या सायकलीच्या बाजारात सुधारलेल्या भागांची किंमत सहसा मिळत नाही. मूळ बिल, फ्रेम क्रमांक आणि नुकत्याच केलेल्या सर्व्हिसिंगची पावती मात्र दर वाढवून देते. विकून हाती फारसे येत नसेल, तर तिला घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवण्याच्या साधनावर) लावावी किंवा पावसाळ्यात चालवावी, म्हणजे जून ते सप्टेंबर नव्या सायकलीची चेन आणि बेअरिंग वाचतील. तिच्या टायरमध्ये हवा मात्र महिन्यातून एकदा भरत राहावी. चपटा टायर रिमखाली दबून राहिला, तर त्याच्या कडेला भेगा पडतात.